रोझमेरीला तुळशीसारखं रोज पाणी घालू नका

प्रश्न : आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. जूनमध्ये नर्सरीतून रोझमेरीचं रोप आणलं, ते जुलैत गेलं. गणपतीनंतर दुसरं आणलं. तुळशीला घालते तसं त्यालाही रोज सकाळी तांब्याभर पाणी घालते, तरी खालची पानं काळी पडून गळताहेत. मुलगी चोवीस वर्षांची आहे, महिनाभरापासून तिचे केस मूठ-मूठ गळतात. तिला रोझमेरीचं पाणी लावायचंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना बीपीची आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. त्यांना चहा किंवा तेल चालेल का? भाची पाच महिन्यांची गरोदर आहे, तिने खाल्लं तर चालेल का? आणि हे स्वयंपाकात नेमकं कशात घालायचं? एकदा बटाट्याच्या भाजीत घातलं, तर सगळ्यांनी ताटात बाजूला काढून ठेवलं.

उत्तर :

ताई, आधी कुंडीचं बघू, कारण ते झाड आज-उद्यात वाचवायला हवं. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुळस, पुदिना आणि रोझमेरी एकाच कुळातल्या. त्यामुळे तिघींना सारखंच वागवलं जातं, आणि रोझमेरी तिथेच मरते. ती भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ, चुनखडीच्या उतारांवरची. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि पडला की दगडांतून वाहून जातो. पानं सुईसारखी बारीक, कडा आत वळलेल्या, खालून पांढुरकी लव. ही सगळी रचना पाणी जपून वापरायला आहे. अशा झाडाच्या मुळाशी सतत ओल राहिली की मातीतली हवा संपते, मुळं गुदमरतात आणि बुरशी धरते. मुळं कुजली की वर पाणी पोचत नाही, शेंडे वाळल्यासारखे दिसतात, आणि पाणी कमी पडतंय असं वाटून आपण आणखी पाणी घालतो. तुमचं जुलैतलं रोप बहुतेक असंच गेलं असणार.

दुसरं एक कारण नर्सरीतूनच सोबत येतं. रोपं कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात वाढवलेली असतात, आणि घरी आणल्यावर आपण तो गोळा जसाच्या तसा मोठ्या कुंडीत बसवतो. बाहेरची माती सुकते, गोळा आतून ओलाच राहतो. वरून बोट लावलं तर कोरडं लागतं, म्हणून पुन्हा पाणी पडतं.

आता तुमचं रोप कुंडी आडवी करून हलक्या हाताने बाहेर काढा. मधला गोळा बोटांनी फोडून बघा. निरोगी मुळं पांढरी किंवा फिकट तपकिरी, टणक असतात. कुजलेली काळपट, लिबलिबीत असतात. चिमटीत धरून ओढली तर वरची साल सुटून हातात येते, आत दोऱ्यासारखा तंतू उरतो आणि आंबूस वास येतो. अशी मुळं स्वच्छ कात्रीने कापून टाका. कोकोपीट जमेल तेवढं झटका, मुळं धुवू नका. मग खोडाच्या बुडाशी नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाडात जीव आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर जरा वर खरवडा. सगळीकडे तपकिरीच दिसलं तर ते झाड सोडून द्या.

नव्या कुंडीसाठी दोन भाग पोयटा माती, दोन भाग जाडी वाळू, एक भाग विटांचे बारीक तुकडे आणि अर्धा भाग गांडूळखत. वाळू खडेदार घ्या. प्लास्टरची बारीक वाळू मातीबरोबर घट्ट बसते आणि उलटा परिणाम होतो. शेतातली काळी माती अजिबात नको. आपल्याकडची ही माती पाणी धरून ठेवते म्हणून बाकी पिकांना चांगली, याच गुणामुळे रोझमेरीला वाईट. कुंडी मातीचीच घ्या, दहा-बारा इंची, तळाला मोठं भोक असलेली, आणि खालची ताटली काढून टाका. मुळं कापली असतील तर वरचा हिरवा भागही तिसऱ्या हिश्श्याने कमी करा, कारण उरलेल्या मुळांना तेवढी पानं पोसवत नाहीत. लावल्यावर थोडंसंच पाणी द्या, मग चार-पाच दिवस थांबा. आठवडाभर सकाळचं ऊन, नंतर पूर्ण ऊन.

कापलेले हिरवे शेंडे फेकू नका, त्यांच्या काड्या लावा. मूळ झाड गेलं तरी हाती दुसरं राहील. फूल नसलेला दहा-बारा सेंटिमीटरचा शेंडा घ्या, पेराच्या जरा खाली कापा, खालच्या अर्ध्या भागाची पानं ओरबाडून काढा. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट ओलसर करून त्यात खोचा. कोकोपीट इथे चालतं, कारण ही जागा तात्पुरती आहे. सावलीत पण उजेडात ठेवा, चिखल होऊ देऊ नका. चार ते आठ आठवड्यांत मुळं धरतात. हलकं ओढून बघितलं आणि काडीने धरून ठेवलं, की समजा मुळं आली. नाशिकला या कामासाठी दिवाळी ते माघ हा काळ सगळ्यात चांगला. बियांच्या वाटेला जाऊ नका. उगवण कमी, वाढ फार हळू, आणि रोपंही एकसारखी निघत नाहीत.

पाणी कधी घालायचं हे वारावर ठरवू नका. बोट दोन इंच खाली घालून बघा आणि कुंडी उचलून तिचं वजन हाताला ओळखीचं करून घ्या. दोन्ही कोरडं-हलकं लागलं की तळातून वाहेपर्यंत भरपूर पाणी द्या आणि पुन्हा कोरडं होईपर्यंत विसरा. थंडीत साधारण पाच-सात दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये दोन-तीन दिवसांनी वेळ येते. अगदी वाळवूनही चालत नाही, कारण ही पानं कोमेजून इशारा देत नाहीत. बऱ्याचदा हिरवी दिसतात तोवर झाड आतून वाळलेलं असतं. मे महिन्यात गच्चीवर काळ्या प्लास्टिकची कुंडी असेल तर मुळं भाजतात, तेव्हा दुपारची सावली द्या.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. इगतपुरी-त्र्यंबकसारखा पाऊस शहरात पडत नाही, पण आपल्याकडची झिमझिम दिवसचे दिवस चालते आणि हवा ओली राहते. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून कुंडी घराच्या पूर्वेच्या भिंतीला, पत्र्याखाली किंवा छज्जाखाली ठेवा. उजेड आणि वारा दोन्ही मिळायला हवेत, घरात कोपऱ्यात नको. दोन कुंड्यांमध्ये हातभर अंतर सोडा. पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरीच, म्हणजे बुरशीचा रोग. द्राक्षांच्या नाशिकमध्ये हे सांगायला नको. तेवढ्या फांद्या काढा, मधली गर्दी विरळ करा. पण बागेत उरलेलं फवारणीचं औषध या झाडावर मारू नका, याची पानं तुम्ही खाणार आहात.

छाटणीबद्दल तर नाशिककरांना मुद्दाम सांगायला हवं. एप्रिलच्या खरड छाटणीत द्राक्षवेल जुन्या काडीपर्यंत कापली तरी डोळे फुटतात, त्यामुळे आपला हात बिनधास्त चालतो. रोझमेरीच्या पानं नसलेल्या जुन्या, लाकडी खोडातून सहसा फुटवा येत नाही. जिथे कापाल त्याच्या खाली हिरवी पानं राहिलीच पाहिजेत. एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घेऊ नका. शेणकाला, जीवामृत वगैरे वारंवार देऊ नका. जास्त नत्राने फांद्या लुसलुशीत वाढतात आणि वास मात्र फिका होतो. वर्षातून दोनदा मूठभर गांडूळखत पुरे.

आता मुलीच्या केसांकडे येऊ. महिनाभरात मूठ-मूठ गळू लागले म्हणता, तर आधी गेल्या तीन-चार महिन्यांत काय झालं होतं ते आठवा. डेंग्यू, टायफॉइड, मोठा ताप, ऑपरेशन, कडक डाएट, बाळंतपण यांपैकी काही झालं की दोन-तीन महिन्यांनी केस एकदम गळायला लागतात. मुळं शाबूत असतात आणि कारण संपलं की काही महिन्यांत गळती आपोआप थांबते. अशा वेळी काहीही लावलं तरी त्याचंच श्रेय मानलं जातं. तसं काही झालं नसेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडसाठी टीएसएच, एवढ्या तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. लोह कमी असेल तर डोक्यावर लावलेल्या पाण्याने ते भरून निघणार नाही. टाळूवर नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे दिसत असतील, खाज किंवा खवले असतील, तर थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

रोझमेरीने केस येतात हा बोलबाला मुख्यतः २०१५ साली इराणमधून प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीमुळे आहे. पुरुषी पद्धतीने टक्कल पडत चाललेले १०० पुरुष, निम्म्यांना रोझमेरी तेल आणि निम्म्यांना २ टक्के मिनॉक्सिडिल हे केसवाढीसाठी लावायचं औषध. तीन महिन्यांनी दोन्हीकडे ठळक फरक नव्हता. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केसांची संख्या वाढली आणि दोघांत फारसं अंतर नव्हतं. नुसता साधा लेप लावलेला तिसरा गट त्यात नव्हता. म्हणजे आशा ठेवायला जागा आहे, पण हे सगळं तेलाबद्दल, पुरुषांच्या विशिष्ट टकलाबद्दल आणि सहा महिन्यांच्या नेमाबद्दल आहे. तुमच्या मुलीच्या अचानक गळतीला ते लागू होईल असं आम्ही म्हणणार नाही.

तरी तिला पाणी लावायचं असेल तर नुकसान नाही, फक्त नीट करा. पाव लिटर फिल्टरचं पाणी उकळा, गॅस बंद करा, मग एक मोठा चमचा वाळलेली पानं किंवा बोटाएवढ्या दोन ताज्या काड्या टाकून लगेच घट्ट झाकण ठेवा. अर्ध्या तासाने गाळा. बरेच जण पानं उघड्या भांड्यात वीस-वीस मिनिटं खदखदवतात. तेव्हा घरभर जो घमघमाट सुटतो तेच तेल असतं, भांड्यात उरतो तो कडवट रंग. गाळलेलं पाणी फ्रिजमध्ये ठेवा आणि पाच-सहा दिवसांत संपवा. गढूळ झालं किंवा वास बदलला तर ओतून द्या. स्प्रेच्या बाटलीत महिनाभर टिकवायचं नाही. फिकट रंगाच्या उशीच्या अभ्र्याला डाग पडतो, तेव्हा रात्री लावत असाल तर जुना अभ्रा घाला.

तेल लावायचं तर बाटलीवर काय लिहिलंय ते बघा. लॅटिन नाव रोझमॅरिनस ऑफिसिनॅलिस किंवा नवं साल्व्हिया रोझमॅरिनस असतं, झाड एकच. छोट्या बाटलीतलं शुद्ध अर्कतेल कधीही तसंच टाळूला लावायचं नाही. ३० मिली तीळतेलात किंवा खोबरेल तेलात सहा थेंब म्हणजे साधारण १ टक्का, बारा थेंब म्हणजे २ टक्के. सहापासून सुरुवात करा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून चोवीस तास थांबा, लाल झालं किंवा चुरचुरलं तर नाद सोडा. आठवड्यातून दोन-तीनदा, तास-दोन तास ठेवून धुवा. कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवू नका, कोंडा वाढतो.

सासूबाईंच्या बाबतीत जरा जपून. युरोपात रोझमेरीचा पारंपरिक उपयोग दोन गोष्टींसाठी मान्य आहे : पोटात घेऊन अपचन-गॅससाठी, आणि बाहेरून लावून सांधे-स्नायूंच्या किरकोळ दुखण्याला जोड म्हणून. जोड म्हणूनच धरा. गुडघ्याची झीज त्याने भरून येत नाही. मालिशसाठी वरचंच १ टक्क्याचं तीळतेल घ्या. तेल गरम करायचं असेल तर आधी तीळतेल कोमट करा, गॅसवरून उतरवा आणि मग थेंब टाका. दिवसातून दोनदा, हलक्या हाताने. कातडी फाटलेली, सुजून लाल-गरम झालेली असेल तर लावू नका. रोझमेरीचा काढा घातलेल्या गरम पाण्यात बसण्याचा एक प्रकार सांगतात, तो बीपी आणि हृदयविकार असलेल्यांनी टाळायचा असतो, म्हणून त्यांना तो नकोच.

चहा निरोगी माणसाला असा : एक छोटा चमचा, म्हणजे साधारण एक ग्रॅम वाळलेली पानं कपात घ्यायची, वर उकळतं पाणी ओतायचं, बशी झाकून दहा मिनिटं ठेवायचं आणि गाळायचं. आपल्या चहासारखं उकळत ठेवलं तर कडू होतो. जड जेवणानंतर पोट फुगलं तर एक कप, दिवसात फार तर दोन-तीन. सासूबाईंना रक्त पातळ होण्याची गोळी आहे, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा चहा औषध म्हणून रोज द्यायचा नाही. पित्ताशयात खडे असतील, यकृताचा आजार असेल तर तसाच नियम. बारा वर्षांखालच्या मुलांना औषध म्हणून देऊ नका. फिट येणाऱ्या माणसाच्या आसपास अर्कतेल वापरू नका, त्यात कापराचा अंश असतो. आणि मुलीचं लोह कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या, तर तिने हा चहा जेवणाला किंवा गोळीला लागून घेऊ नये. साध्या चहासारखाच तोही अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही. दोन तासांचं अंतर ठेवा.

भाचीचं उत्तर थोडक्यात : जेवणात चवीपुरती रोझमेरी खाऊ द्या. औषधी प्रमाणातला चहा, काढा, कॅप्सूल आणि अर्कतेल बाळंतपण होईपर्यंत नको.

राहिला स्वयंपाक. तुमच्या भाजीत दोन गोष्टी चुकल्या असाव्यात. एक, पानं अख्खी राहिली, आणि ती कितीही शिजवली तरी दाताखाली काडीसारखीच लागतात. दुसरं, हळद-जिरं-धने-हिंगाच्या भाजीत तिला जागाच नसते. ती कढीपत्त्याच्या जागी बसत नाही आणि गोडा मसाल्याशी तिचं कधीच जमत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिला तेल-तूप, लसूण, मिरपूड आणि बेताचं आंबट लागतं. कोथिंबीर शेवटी घालतात, ही आधी घालायची, कारण तिचा वास तेलात उतरतो. पण धूर येणाऱ्या तेलात टाकली तर क्षणात काळी आणि कडू होते.

बटाट्यांपासूनच पुन्हा सुरू करा. अर्धा किलो छोटे बटाटे मिठाच्या पाण्यात आठ-दहा मिनिटं उकडा, सुरी जेमतेम शिरेल इतपत. निथळून पाच मिनिटं वाफ जाऊ द्या, ओले राहिले तर खरपूस होत नाहीत. अर्धे कापा. लोखंडी कढईत दोन मोठे चमचे तेल मध्यम तापवा, कापलेली बाजू खाली ठेवून सहा-सात मिनिटं हात लावू नका. सोनेरी झाले की परता, सालीसकट ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या आणि एक छोटा चमचा अगदी बारीक चिरलेली ताजी रोझमेरी घाला, मंद आचेवर तीन-चार मिनिटं. मीठ, मिरपूड, अर्धं लिंबू. जिरं घालायचा मोह आवरा.

मटणात, राजम्यात किंवा टोमॅटो सूपमध्ये अख्खी काडी टाकून तमालपत्रासारखी शेवटी काढून टाका. अर्धा किलो मटणाला बोटाएवढी एकच काडी, दोन घातल्या की औषधासारखा वास येतो. पनीर आणि मशरूम यांना ती फार छान लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं आली की हे एकदा नक्की करा : पाव किलो काळी बिनबियांची द्राक्षं, एक चमचा तेल, चिमूटभर मीठ आणि अर्धा छोटा चमचा चिरलेली रोझमेरी तव्यावर मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं, काही द्राक्षं फुटून रस दाट होईपर्यंत. भाजलेल्या पनीरवर घालून खा.

वाळवायची तर पावसाळा सोडून. दव उडाल्यावर सकाळी काड्या तोडा, लहान जुड्या करून सावलीत वाऱ्याला उलट्या टांगा. आठ-दहा दिवसांत पानं चुरचुरीत होतात. पानं अख्खीच बरणीत भरा, वापरताना खलबत्त्यात जाड्या मिठाबरोबर कुटा. वाळलेली पानं ताज्याच्या तिसऱ्या हिश्श्याने घ्यायची. लसूण किंवा ताजी रोझमेरी तेलात बुडवून ती बाटली ओट्यावर कधीही ठेवू नका. ओल्या पानांच्या आणि तेलाच्या बंद जागेत बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि वासावरून ते कळत नाही. मुरवलेलं तेल हवं असेल तर पूर्ण वाळलेली पानंच घ्या. ताज्याचं केलंत तर फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा.